चार आठवड्यांचे स्वेटर

आमच्या कामाची सगळी सामग्री एका कापडी पिशवीत मावत असे. एक टांगता वजनकाटा आणि त्याची झोळी, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांची एक अरुंद पट्टी, एक वही, दोन पेन, स्टीलचा लहान चमचा, साबणाची वडी. उंची मोजायची फळी तेवढी पिशवीत जात नसे; ती काखेत. असा सगळा संसार घेऊन मी लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या घरातून निघाले की कोपऱ्यावरचा भाजीवाला रोज विचारी, "मैडम, आज कितने बच्चे तौलने हैं?" त्याच्या दृष्टीने आम्ही दोघे एकाच धंद्यातले होतो. मला ते खटकत नसे. पुढे एका हिवाळ्यात कळले की त्या धंद्याची पहिली पायरीसुद्धा मला येत नव्हती.

खरे तर मी कवितेची विद्यार्थिनी. एम.ए.ला छंद आणि वृत्ते शिकले. लग्नानंतर, रेल्वेत अभियंता असलेल्या नवऱ्याच्या बदलीबरोबर, लखनौला आले. एका लहानशा संस्थेला हिंदी-इंग्रजीत नीट अहवाल लिहिणारी बाई हवी होती, म्हणून तिथे लागले. महिन्याभरात एक कार्यकर्ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि मला चार दिवसांसाठी मलिहाबादेकडच्या गावांत पाठवण्यात आले. ते चार दिवस सोळा वर्षे चालले.

तीव्र कुपोषित मूल म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे इस्पितळातली खाट येते. प्रत्यक्षात अशा बहुतेक मुलांना खाटेची गरज नसते. ताप नाही, धाप नाही, पायांवर सूज नाही आणि मूल चमच्यातले खाणे स्वतःहून घेत आहे, एवढे असेल तर ते आपल्या घरात, आपल्या आईच्या मांडीवर बरे होऊ शकते. त्याला शेंगदाणे, दूधभुकटी, तेल आणि साखर यांचा घट्ट लगदा पुडीतून द्यायचा. घरच्या खिचडीत तेल वाढवायचे. औषधांची ठरलेली मात्रा द्यायची. आणि दर आठवड्याला जाऊन पाहायचे. हे पाहणे म्हणजेच आमची नोकरी. पट्टी उघड्या दंडाभोवती गुंडाळायची. लाल रंगात आली तर धोका, पिवळ्यात सावधगिरी, हिरव्यात निश्चिंती. मग मूल झोळीत ठेवून वजन. काटा आधी शून्यावर आणायचा, मूल पूर्ण उघडे करायचे, आणि आकडा दोघींनी पाहायचा. हा नियम प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला शिकवतात. तो इतका सोपा असतो की कुणी लिहूनही घेत नाही.

पुस्तकात नसलेले शिक्षण हातांना मिळते. अशा मुलाचे अंग हातात घेतले की त्वचा आपल्या बोटांबरोबर सरकते आणि पुन्हा जागेवर यायला विसरते. केस मक्याच्या कणसातल्या धाग्यांसारखे भुरे आणि कोरडे होतात. श्वासाला कच्च्या पिठाचा एक मंद वास येतो. हे सगळे मी आधी बोटांनी आणि नाकाने वाचायला शिकले, आकडे नंतर. कवितेच्या शिक्षणाने मला दुसरे काही दिले असेल नसेल, लक्ष देऊन थांबण्याची सवय दिली. त्या सवयीचा मला अभिमान होता, आणि पुढे सांगणार आहे त्या प्रसंगात तीच नेमकी अपुरी पडली.

माझ्याबरोबर गावात असे ती नसरीन, तिथली अंगणवाडी कार्यकर्ती. तिच्या जिभेला धार होती आणि हातांना माया. एका घरात पुड्या संपत, पण मुलाचे वजन तसूभर हलत नसे. मुलाचा पैलवान मामा मात्र दिवसेंदिवस तुकतुकीत होत चालला होता. नसरीनने एक दिवस त्याच्यासमोर पिशवी उघडली आणि शांतपणे विचारले, "मामू, आपका नाम भी रजिस्टर में चढ़ा दूँ? हाथ दिखाइए, पट्टी लगा देती हूँ।" त्या भल्या माणसाने खरोखर बाही वर करून दंड पुढे केला. पट्टी अर्ध्यापर्यंतही पोहोचली नाही. त्यानंतर त्या घरातल्या पुड्या मुलाच्याच पोटात गेल्या.

अंशिका आम्हाला सापडली ती एका डिसेंबरात. घरात तिला अंशू म्हणत. चौदा महिन्यांची, पण बसवली की एका बाजूला कलत असे. दशहरी आंब्याच्या बागेच्या कडेला, बागमालकाने राहायला दिलेल्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहत होते. आजी रामदेई, सून संगीता, अंशू आणि तिचा चार वर्षांचा भाऊ. अंशूचा बाप सुरतेला कापडाच्या गिरणीत होता. संगीता हंगामात बागेत आंबे भरायचे काम करी आणि एरवी खुरपणीला जाई. सासूसमोर तिचा पदर डोळ्यांपर्यंत खाली असे, आणि त्या पदराआडून फारसे शब्द बाहेर येत नसत.

पहिल्या दिवशी अंशूच्या दंडावर पट्टी लालच्या आत गेली. ताप नव्हता, सूज नव्हती, आणि मी चमच्यावर लगदा दिला तेव्हा तिने तो सावकाश, डोळे मिटून, चाटून घेतला. घरच्या उपचारांसाठी योग्य, असे मी वहीत लिहिले. मग मी काटा छताच्या वाशाला अडकवला आणि कपडे काढायला सांगितले. रामदेई उठून माझ्या आणि नातीच्या मध्ये उभी राहिली.

"तराजू पर आम चढ़त है, बहिनजी, बिटिया नाहीं।"

नसरीन म्हणाली, "अम्मा, दो मिनट की बात है।"

"दो मिनट मा जाड़ा लगत है, दो मिनट मा नज़र लगत है। दूनों का इलाज तुम्हरे झोले में है?"

जाड़ा म्हणजे थंडी; आणि बाहेर खरोखरच दाट धुके होते. बागेतली झाडे दहा पावलांवर नाहीशी होत होती. माझ्याच बोटांना काट्याचा हुक धरवत नव्हता. त्या हाडकुळ्या अंगावरून कपडे उतरवायचे माझ्याही जिवावर आले होते. अखेर रामदेईने तडजोड सुचवली: कपड्यांसकट तोला, उघडी करू नका. मी मनात हिशेब केला. कपडे दर आठवड्याला तेच असतील, तर आकडा थोडा जास्त येईल, पण दोन आठवड्यांतला फरक तर खराच असेल. मला फरकाशीच काम होते. हे तर्कशुद्ध वाटले, आणि शिवाय ते दयाळूपणाचेही वाटले. दोन्ही एकत्र आले की माणूस स्वतःला फार प्रश्न विचारत नाही.

काट्याने सहा किलो शंभर ग्रॅम दाखवले. पुढच्या आठवड्याला सहा दोनशे. तिसऱ्या आठवड्याला सहा चारशे. रामदेई नातीला शालीत गुंडाळूनच झोळीत ठेवी आणि शालीतच उचलून घेई. मला दिसे तो फक्त एक चेहरा, लोकरीच्या टोपीत बसवलेला. दंडाची पट्टी मी दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याला लावलीच नाही. बाही वर सरकत नव्हती, आणि काटा तर चांगली बातमी देत होता. "खाती है?" असे मी विचारी. "खाती है," असे रामदेई सांगे. मी पुढच्या घरी जाई.

तिसऱ्या आठवड्याच्या संध्याकाळी मी अंशूचा आलेख घरी काढला. जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि नवऱ्याला म्हटले, "अहो, हे बघा. कशी चढते आहे."

त्यांनी चष्मा लावून पाहिले. "फारच सरळ आहे गं. आमच्याकडे रीडिंग इतकं सरळ आलं, तर आम्ही आधी मीटर तपासायला पाठवतो."

"मूल म्हणजे तुमचं इंजिन नव्हे."

"नाही, नाही. मी आपलं सांगितलं."

आमचा मुलगा स्वयंपाकघरातून ओरडला, "आई, रोटी ठंडी हो रही है, यार।" विषय तिथे संपला. मला मात्र राग आला होता, आणि तो राग मी झोपेपर्यंत जपला.

चौथ्या आठवड्याला काटा सहा किलो सहाशेवर थांबला. मी रामदेईचे अभिनंदन केले. नसरीनने वहीत आकडा लिहिला. आम्ही निघालो, तर संगीता घागर घेऊन आमच्या मागे बागेच्या वाटेवर आली. हातपंप दुसऱ्या दिशेला होता. घर धुक्यात दिसेनासे झाल्यावर तिने पदर थोडा मागे घेतला. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. विशीची मुलगी होती ती.

"दीदी, एक बात पूछें? आप लोग कैरेट नहीं काटते?"

मला कळले नाही. कैरेट म्हणजे आंबे भरायचा प्लास्टिकचा क्रेट, एवढे माहीत होते. तिने पायाच्या अंगठ्याने ओल्या मातीत रेघ ओढत समजावून सांगितले. हंगामात ते लोक आंबा तोलतात तेव्हा आधी रिकामा कैरेट तोलतात. मग भरलेला. मग कैरेटचे वजन वजा करतात. जो आंबे तोलायला बसतो, त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

"अम्मा हर हफ़्ते एक स्वेटर बढ़ा देती हैं," ती म्हणाली. "बिटिया तो हमको हल्की लगती है गोद में। पर काँटा कहता है भारी।"

नसरीन थांबली. मी विचारले, "संगीता, तू हे आधी का नाही सांगितलंस?" हिंदीत विचारले, पण घरी मुलाला जाब विचारते त्या सुरात.

तिने खाली पाहिले. "हमने सोचा, आप लोग पढ़ी-लिखी हैं। कोई हिसाब होगा आपका।"

या वाक्याइतके जड मी आयुष्यात काही उचललेले नाही. त्यात टोमणा नव्हता, हेच त्याचे ओझे होते.

आम्ही तिघी परत फिरलो. रामदेई चुलीपाशी बसली होती. मी तिला काही समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. म्हटले, "अम्मा, मुझसे ग़लती हुई है। बिटिया को तराज़ू पर नहीं रखेंगे। सिर्फ़ कपड़े तौलेंगे।" तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग तिने रजई उचलून सुनेच्या अंगावर टाकली. संगीताने रजईच्या आत अंशूला आपल्या उघड्या छातीशी घेतले, आणि आतूनच एकेक कपडा बाहेर सरकवायला लागली. वरची शाल. लोकरीची टोपी. कापूस भरलेली बंडी. एक स्वेटर, लाल आणि तपकिरी दोन्ही रंगांचा. एक तपकिरी. त्याखाली एक लाल. दोन पायजमे. मोज्यांचे जोड. फ्रॉक. प्रत्येक कपड्याला मोहरीच्या तेलाचा आणि धुराचा वास होता.

मग संगीताने जे केले, त्याची आठवण झाली की आजही माझ्या मनात तिच्यापुढे हात जोडले जातात. ती रजईतूनच सांगू लागली. शाल चारी आठवडे होतीच; पहिल्या आठवड्याला तिच्या आत फ्रॉक होता, एक पायजमा आणि लाल स्वेटर. दुसऱ्याला त्यावर तपकिरी स्वेटर आणि टोपी. तिसऱ्याला दोन्ही रंगांचा स्वेटर आणि दुसरा पायजमा. आज बंडी आणि मोजे. तिला एकाही कपड्याचा विसर पडला नव्हता. नसरीनने चारपाईवर एकेका आठवड्याचे कपडे एकत्र करून झोळीत घातले आणि तोलले, आणि मी लिहीत गेले. चारशे ग्रॅम. सहाशे. नऊशे. बाराशे.

वजाबाकी मी करण्याआधीच संगीताने केली होती. पाच सातशे, पाच सहाशे, पाच पाचशे, पाच चारशे. माझा चढता आलेख उलटा झाला होता. दर आठवड्याला शंभर ग्रॅम मूल आमच्या डोळ्यांदेखत कमी होत होते आणि मी त्याच्या आजीचे अभिनंदन करत होते.

रामदेई चारपाईच्या कडेला बसली. हातातला तपकिरी स्वेटर तिने उलटा केला आणि आतल्या गाठी चाचपत राहिली. त्या गाठी मी तेव्हा पाहिल्या. ती नवी लोकर नव्हती. आपली जुनी शाल उसवून तिने हे स्वेटर विणले होते. कुणाला उद्देशून नव्हे, अशा आवाजात ती म्हणाली, "हमार एक बिटिया रही। पूस मा चली गई। ओकरे पास कपड़ा कम रहा।" पूस म्हणजे पौष, तिकडची कडाक्याची थंडी.

चार आठवडे मी त्या घरात जात होते. आजी पोरीला उघडी का करू देत नाही, हे मी एकदाही विचारले नव्हते. अडाणी समजूत, एवढेच मनात धरले होते.

मी रजईत हात घातला आणि अंशूच्या दंडाला पट्टी लावली. लालच्या पार तळाशी. तळवे गार होते. बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. चमच्यावरचा लगदा तिने ओठांवर तसाच राहू दिला. संगीताने सांगितले, आठवडाभर खोकला आहे, अर्धी पुडी भावाला जाते. आता हे मूल घरी बरे होणारे नव्हते. त्याला इस्पितळातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे होते, आणि लगेच.

मला भीती होती ती रामदेई नाही म्हणेल याची. चार आठवडे ज्या बाईने चुकीचे आकडे सांगितले, तिच्या शब्दावर कोण नात हवाली करील? मी बोलायला तोंड उघडले, तोच संगीता उठून उभी राहिली. पदर खांद्यावरच होता.

"अम्मा, हम जा रहे हैं।"

रामदेईने तिच्याकडे पाहिले. "अकेले जइहौ? हमहूँ चलब।"

नसरीन भावाला सांभाळायला थांबली. रस्त्यावर पेरू लादून लखनौच्या मंडईकडे निघालेला एक छोटा पिकअप मिळाला. चालकाने विचारले काहीच नाही, फक्त सीटवरची घोंगडी झटकली. संगीता आणि मी पुढे बसलो. रामदेई मागे पेरूंच्या कैरेटांवर रजई पांघरून बसली. खाली उतर म्हणायची कुणाची छाती झाली नाही. अंशू आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून. मी अर्ध्या-अर्ध्या चमच्याने साखरेचे पाणी तिच्या ओठांत सोडत होते. धुक्यात गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरकत होती. पिकल्या पेरूंचा तो गोड, किंचित आंबूस वास सगळ्या वाटेवर आमच्याबरोबर होता. एक चमचा गिळला गेला की संगीता हळू आवाजात सांगे, "गया।" मग मी पुढचा भरी. किती वेळा ती "गया" म्हणाली, ते मी मोजले नाही. पण तो शब्द ऐकण्याखेरीज त्या वाटेवर मला दुसरे कोणतेही काम नव्हते.

केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून न्यूमोनिया सांगितला. तरुण बाई होत्या, थकलेल्या डोळ्यांच्या. "अच्छा किया, ले आईं," असे त्या मला म्हणाल्या. ते कौतुक मला घेता येईना. मी वही उघडून त्यांना दोन्ही आलेख दाखवले आणि काय घडले ते सांगितले. त्यांनी दोन्ही पाने नीट पाहिली. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"अगले बच्चे के कपड़े तौल लीजिएगा," त्या म्हणाल्या, आणि सुईच्या तयारीला लागल्या.

पहिले दोन दिवस काहीच ठरत नव्हते. दर दोन तासांनी मोजून पातळ दूध दिले जाई आणि अंशू त्यातले निम्मे बाहेर टाकी. मी सकाळी जाई आणि संध्याकाळी निघे. तिथे माझा काही उपयोग नव्हता. पण घरी बसण्याचा त्याहून कमी होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रामदेईपाशी व्हरांड्यातल्या उन्हात बसले आणि म्हटले, तुमचा माझ्यावर राग असेल तर तो बरोबरच आहे.

तिने तंबाखू मळता मळता विचार केला. "गलती हमहूँ किहेन," ती म्हणाली. "तुम काँटा देखत रहिउ, हम जाड़ा देखत रहेन। बिटिया का बस ओकर महतारी देखिस।" महतारी म्हणजे आई.

तिसऱ्या दिवशी अंशूने दूध पोटात ठेवले. चौथ्या दिवशी वाटी रिकामी झाल्यावर तिने वाटीच्या काठावर बोटे ठेवली आणि ती सोडेना. परिचारिका हसून म्हणाली, "अब लड़ेगी ये।" संगीताने माझ्याकडे पाहिले.  मी इस्पितळाच्या जिन्यात जाऊन थोडा वेळ उभी राहिले. तिथे फिनाइलचा उग्र वास होता, आणि तो मला त्या दिवशी सुगंधासारखा वाटला.

तीन आठवड्यांनी अंशू घरी आली आणि आमचे पाहणे पुन्हा सुरू झाले. नसरीनने नोंदवहीत पट्टीने दोन नव्या रेघा मारल्या: एका रकान्यात कपड्यांसकट, दुसऱ्यात नुसते कपडे, तिसऱ्यात बाकी. थंडी सरेपर्यंत आम्ही त्या भागात प्रत्येक मूल असेच तोलले, आणि दंडाची पट्टी उघड्या दंडालाच लावली, मग बाही वर करायला कितीही वेळ लागो. मी हे सगळे अहवालात लिहिले. वरिष्ठांनी विचारले, इतके लिहायची गरज आहे का? आहे, असे मी म्हटले. त्यांनी ते खोडले नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

त्या हिवाळ्यात मी ज्या घरांत दयाळूपणे कपडे उतरवू दिले नव्हते, त्या सगळ्या घरांत आम्ही आठवड्याच्या आत पुन्हा गेलो. आणखी दोन मुलांचे आकडे खोटे निघाले. दोघेही वेळेत सावरले. पण त्याआधीच्या हिवाळ्यांचे काय, हा प्रश्न माझ्याजवळ राहिला आहे. तेव्हाही धुके होते, तेव्हाही आज्या होत्या, आणि तेव्हा माझ्यामागे वाटेवर कुणी घागर घेऊन आले नव्हते. त्या मुलांबद्दल मी आज ठामपणे काही सांगू शकत नाही. हे लिहून मला हलके वाटेल असे नाही. पण न लिहिता कृतज्ञतेच्या गोष्टी सांगणे मला बरे दिसले नसते.

बागेत मोहोर आला, फवारणी झाली, मोहोर गळून मोहरीएवढे आंबे धरले. हवेत औषधाचा आणि मधाचा असा विचित्र, मिसळलेला वास होता. अंशूचा दंड एकामागून एक तीन आठवडे हिरव्यात राहिला. नियमाप्रमाणे तिचे नाव आता आमच्या वहीतून उतरवायचे होते. शेवटच्या भेटीला मी गेले तेव्हा संगीता अंगणात पीठ मळत होती, रामदेई दारात डाळ निवडत होती.

मी संगीतासमोर बसले. बरेच दिवस मनात जुळवलेली वाक्ये होती, आणि हिंदीत ती सगळी विस्कटली. एवढेच म्हणता आले, "संगीता, उस दिन तुम न बोलतीं तो..."

"अब छोड़िए दीदी," ती म्हणाली. तिची बोटे पिठात थांबली होती.

रामदेईने सुपातून मान वर केली नाही. "घर मा तो पाँच बरिस नाहीं बोली। बोली तो रस्ता मा जाय के।"

"आप सुनतीं कब हैं, अम्मा?"

मी दचकून रामदेईकडे पाहिले. तिने डाळीतला एक खडा उचलून दूर फेकला. "अब सुनित है," ती म्हणाली. "कान पकड़ के सुनावत है।" तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. संगीता पदर न सावरता हसली.

अंशू माझ्या फळीला धरून उभी होती. गालांवर पिठाचे पांढरे हात उमटले होते, कुणाचे ते सांगायला नको. मी तिला हाक मारली. तिने एकवार माझ्याकडे पाहिले. पण अंगणात पिले घेऊन एक कोंबडी आली होती, आणि माझ्यापेक्षा ती निश्चितच महत्त्वाची होती. अंशूने फळी सोडली. दोन पावले टाकली, आपटली, जमिनीवर दोन्ही हात टेकून उठली.

नसरीनने कार्डाच्या शेवटच्या ओळीत "ठीक" असे लिहिले आणि कार्ड माझ्याकडे दिले. मी गुडघ्यावर ठेवून सही केली. मान वर करून पाहते तो कोंबडी कुंपणाबाहेर, तिच्यामागे अंशू कुंपणाबाहेर, आणि संगीता पिठाचे हात तसेच घेऊन बागेतून धावत सुटली होती. "अरे पकड़ो कोई इसको," ती ओरडत होती. झाडांच्या बुंध्यांमधून तिचा आवाज पुढे पुढे जात होता.